रेघेवरचं पाणी

१

उन्हानं उडून जातं ते पाणी. मीठ टाकीतच राहतं. म्हणून खाऱ्या पाण्याच्या टाकीत रोज सकाळी फिल्टरचं साधं पाणी घालायचं, काचेवरची रेघ येईपर्यंत, आणि मग हात आखडायचा. नाहीतर मिठाचं प्रमाण बिघडतं आणि मासे हाल हाल होऊन मरतात.

एवढं एक सोमाला नीट समजलं होतं. बाकीची सगळी विद्या दत्तूबरोबर गेली.

दत्तू सोमाचा थोरला भाऊ. पिंपळगावच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये तो कॉम्प्रेसर सांभाळायचा. द्राक्षं गार ठेवता ठेवता त्याला मासे गार ठेवायचा नाद लागला. नाशिक रोडच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या भिंतीला लावून त्यानं लांबलचक काचेची टाकी मांडली. जुन्या वॉटर कूलरचं मशीन काढून चिलर म्हणून तिला जोडलं, समुद्रातले खडबडीत दगड मागवून रचले, बायकोच्या लाल नेलपॉलिशनं पाण्याची रेघ ओढली. समुद्र पार घाटाखाली, पण दत्तूच्या हॉलमध्ये बारा महिने त्याचा वास यायचा.

मासे निवडताना तो मुलगी बघायला गेल्यासारखा चौकशी करायचा. "आधी कोण कोणाला खाईल ते बघायचं सोम्या. रंगबिंग मागून." इतकी वर्षं करून टाकीत मोजकीच मंडळी जमली होती. नारिंगी जोकर माशांची जोडी, एक लाजाळू निळा मासा, आणि सफाईवाले: काच चाटत फिरणाऱ्या गोगलगायी, रिकाम्या शंखात बिऱ्हाड थाटणारे खेकडे, आणि माशांच्या अंगावर चढून त्यांचे कल्ले निवडून देणारी एक लाल-पांढरी कोळंबी. सफाईवाल्यांना तो 'आमची नगरपालिका' म्हणायचा. "फरक एवढाच, ही काम करते."

थंडीतल्या एका पहाटे, धुक्यात, हायवेवर त्याची मोटारसायकल घसरली.

दहाव्याला गोदाकाठी पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. तारेवर बसून नुसता चोच पुसत राहिला. उज्वला वहिनी पुढं झाली, म्हणाली, आईंना मी अंतर देणार नाही. कावळा हलला नाही. मामा म्हणाले, गावच्या घराचं बघतो. कावळ्यानं तोंड फिरवलं. ऊन चढायला लागलं, माणसं एकमेकांकडे बघायला लागली, तेव्हा सोमा अनवाणी धावत पुढं गेला आणि ओरडला, "दादा, तुझ्या टाकीतलं काही म्हणजे काही मरू देणार नाय!"

कावळा दगड पडावा तसा सरळ खाली आला.

"बघा, जीव कशात अडकला होता ते," गुरुजी म्हणाले. माणसं हसली, हसता हसता रडली.

त्यानंतर उन्हाळा लागला. खिडकीतली तुळस दुपारपर्यंत मान टाकायची आणि टाकीतलं पाणी रोज बोटभर उतरायचं. सोमा सकाळी टेम्पो काढायच्या आधी पाण्याचा मग घेऊन उभा राहायचा. आठवीत शाळा सोडलेला, पण हे काम तो परीक्षेला बसल्यासारखा करायचा.

एका सकाळी तो असाच मग घेऊन आला, तर पाणी रेघेवरच होतं. पाण्याची कड आणि लाल रेघ यांच्यात केसही मावला नसता.

२

"वहिनी, टाकीत पाणी तुम्ही घातलं का?"

"मी कशाला हात लावू भाऊजी? मला त्यातलं काय कळतं?"

"आई, तू?"

धोंडाबाई गॅलरीत लसूण सोलत होती. "मी? त्या डबक्यात? मी तर म्हणते, वांग्याच्या भाजीत घाला ते पाणी."

"खारं हाय ते, आई."

"मग मीठ तरी वाचंल."

उज्वला हसली. दत्तू गेल्यापासून पहिल्यांदा. मग आपण हसलो हे ध्यानात येऊन तिनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली.

सोमा मगातलं पाणी तुळशीला घालून कामावर गेला. रात्री उकाडा कमी असेल, त्यानं स्वतःला सांगितलं. टेम्पोत कांदा भरताना पुन्हा सांगितलं. पण अंगातला शर्ट पाठीला चिकटला होता आणि उकाडा कमी नव्हता.

त्याच आठवड्यात घरात निर्णय झाला. फ्लॅटचं भाडं फार दिवस परवडणार नव्हतं. वहिनीला सिन्नरच्या एमआयडीसीत पॅकिंगचं काम मिळत होतं आणि गाव तिथून जवळ. ती आणि आई गावी जाणार, कांद्याचा सीझन संपेपर्यंत सोमा इथंच एकटा राहणार.

"आणि टाकी?" वहिनीनं विचारलं. "गावाला लाईटचा भरवसा नाही. विकून टाका ना कोणाला तरी. जातील सुखानं."

"शब्द दिलाय," सोमा म्हणाला.

ती फक्त टाकीकडे पाठ करून बसली. सोमाच्या लक्षात आलं, हल्ली ती हॉलमध्ये नेहमी अशीच बसते.

३

बंटीचं माशांचं दुकान शालिमारकडच्या एका गल्लीत होतं. दत्तूचा तो दोस्त. दुकानात अंधार आणि तोंडात सतत बडीशेप. सोमा माशांचं खाणं घ्यायला गेला आणि मागच्या एका छोट्या टाकीसमोर थबकला. आत बोटभर लांबीचा एक मासा होता. तोंड लांब, डोळे पार मागे, अंगावर कोणीतरी चिडून पेन्सिलीनं ओढाव्यात तशा रेघा. तो पोहायचा थांबला आणि सोमाकडे बघत राहिला.

"हा कोण?"

"काचेला बोट नको लावू, चावंल. ट्रिगर हे तो. तुझ्या दादाचं जुनं प्रकरण." बंटी खुर्चीतून उठला नाही. "दर रविवारी यायचा, ह्याच्या जातीच्या माशासमोर उभा राहायचा, उसासा सोडायचा आणि गोगलगायी घेऊन घरी जायचा."

"मग घेतला का नाय कधी?"

"घेईल कसा? गुंड हे हा. डायरेक्ट नगरपालिकाच खातो. कोळंबी नाष्ट्याला, गोगलगाय जेवणाला. दत्तू म्हणायचा, बंट्या, पुढं कधी दुसरी टाकी केली ना, तर ह्याच्या एकट्यासाठी करीन."

दुसरी टाकी आता कोण करणार होतं? माणूस जातो आणि इच्छा राहते, ती राहिली की माणूसही राहतो, असं आई लहानपणापासून सांगायची.

"बांध," तो म्हणाला.

"काय बांध?"

"मासा बांध पिशवीत."

"अरे हिरो, आता काय सांगितलं मी? कोळंबी हे ना तुझ्याकडं?"

"बांध म्हणलं ना!"

बंटीनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि जाळी उचलली. "लहान हे अजून. थोडे दिवस शहाण्यासारखा राहील. पण मागून रडत नको येऊ, भाऊ. मी मासे विकतो, मयताचं सामान नाही." बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली. खाण्याची एक जास्तीची पुडी त्यानं गुपचूप सोमाच्या खिशात सरकवली.

४

ट्रिगर शहाण्यासारखा राहिला नाही.

पिशवीतून सुटल्या सुटल्या तो दगडांभोवती फिरला, जोकरांच्या जोडीकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही, आणि मग तो कोळंबीच्या कपारीसमोर जाऊन थांबला. कोळंबीला वाटलं, गिऱ्हाईक आलं. ती नेहमीसारखी पुढं आली, मिशा हलवत, सेवेला.

सोमा समोर उभा होता. सगळं त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पहिल्या चाव्यात पाय गेले. दुसऱ्यात पाठ मोडली. आतलं पांढरं मांस बाहेर आलं आणि लाल सालपटं पंखा मारल्यासारखी पाण्यात फिरायला लागली. त्यानं बाही वर न करताच हात आत घातला, पण उशीर झाला होता. ट्रिगर त्याच्या बोटांमधून निसटला, शेवटचा तुकडा तोंडात घेऊन.

"काय झालं भाऊजी?" वहिनी स्वयंपाकघरातून आली.

"काय नाय."

"तुमचा हात..."

"काय नाय म्हणलं ना!"

तो बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडला. दादाची इच्छा पुरवायला गेला आणि दादाला दिलेला शब्द मोडला. एकाच दुपारी. दत्तू असता तर डोक्यात टपली मारून म्हणाला असता, गाढवा, आधी कोण कोणाला खाईल ते बघायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोमा मग घेऊन आला. पाणी रेघेवर होतं. आणि कपारीच्या तोंडाशी कोळंबी उभी होती. अख्खी. मिशा हलवत.

५

फोनवर बंटी पोट धरून हसला. "अरे, कात टाकली असेल तिनं! कोळंबी कात टाकते, साल तशीच्या तशी तरंगत राहते. नवशिकी माणसं मेली समजून छाती पिटतात. तुझा दादापण पहिल्यांदा रडला होता, सांगितलं नाही का त्यानं?"

"मी मांस बघितलं, बंटीभाऊ."

"मांस बघितलं का मांस वाटलं? झोप नाही, खाणं नाही, तुझं डोकं तरी जाग्यावर हे का? बरं, असं कर. तिची मिशी बघ. कात टाकल्यावर तुटलेलं-फुटलेलं सगळं नवं येतं. मिशी नवीकोरी दिसली की समज, मी म्हणतो तेच झालं."

सोमाला इतकं हलकं वाटलं, की त्याला भूक लागली. वहिनीनं दिलेली भाकरी घेऊन तो टाकीपुढं बसला. कोळंबीची डावी मिशी अर्धी होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. दगड लावताना दत्तूच्याच हातून ती तुटली होती.

कोळंबी उजेडात आली. उजवी मिशी लांब, पांढरी, दोऱ्यासारखी. डावी अर्धी. तुटलेल्या जागी तोच तिरका कोना.

भाकरीचा घास त्याच्या गालात तसाच राहिला. आत ट्रिगर वळला, सावकाश कपारीपाशी आला, आणि कोळंबी पुढं झाली.

६

त्यानंतर सोमा कामावर गेला तरी त्याचं मन कामावर नसायचं. पिंपळगावला जाताना टोल नाक्यावर मागच्या गाड्या हॉर्न वाजवायच्या तेव्हा कुठं त्याला कळायचं, की पुढं रस्ता मोकळा आहे.

जे चाललं होतं ते रोज चाललं होतं. ट्रिगर कोळंबी खायचा. गोगलगाय काचेवरून ओढून काढायचा, दगडावर आपटून फोडायचा, आतलं उपसायचा. खेकड्यांना बिऱ्हाडासकट चावायचा. आणि सोमा परत यायचा तेव्हा सगळे जागच्या जागी. कवचावर तडा असलेली गोगलगाय तडा नसल्यासारखी काच चढत असायची. एकदा सोमानं काचेला डोळा लावून तिच्या खालच्या बाजूनं पाहिलं. कवचाच्या आत काहीच नव्हतं. ज्या पायावर ती चालते तो पाय नव्हता. कवच मात्र वर चढत होतं, संथपणे, पुसत, मागे स्वच्छ पट्टा सोडत.

त्यानं डोळे चोळून पुन्हा पाहिलं तेव्हा आत पाय होता. त्याला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

सगळ्यात वाईट ट्रिगरचं झालं. एवढं खाऊन तो वाळत चालला होता. पोट आत गेलं, डोक्यामागं खड्डा पडला, कातडीतून काटे मोजता येतील असा झाला. जे खायचा ते त्याच्या पोटात राहत नव्हतं. पुन्हा समोर येऊन उभं राहत होतं, मिशा हलवत. असा मासा पाण्याच्या वर येऊन आडवा व्हायला हवा. हा आडवा होत नव्हता. त्याचे डोळे सोमावर लागलेले असायचे.

शेवटी सोमा टाकीतलं पाणी बाटलीत भरून बंटीकडे घेऊन गेला. बंटीनं नळीत औषधाचे थेंब टाकले, हलवलं, उजेडाला धरलं. पुन्हा दुसऱ्या औषधाचे टाकले.

"थट्टा करतो का माझी?"

"का?"

"नवं मीठ कालवलेलं पाणी आणलंस. टाकीतलं आण."

"टाकीतलंच हाय. आत्ता भरलं."

बंटी बडीशेप चघळायचा थांबला. "हे बघ. कितीबी साफ ठेव, टाकीत मासा हे म्हटल्यावर तो खाणार, घाण करणार, पाण्यात ते उतरणारच. माझ्या इथल्या टाक्यांमध्येही उतरतं. ह्याच्यात शून्य हे. काहीच नाही." त्यानं नळी खाली ठेवली. "ह्या पाण्यात जिवंत काही नाही रे, सोमा."

मग त्यालाच ते कसंतरी वाटलं असावं. "औषध जुनं झालं असेल," तो म्हणाला आणि पंखा वाढवायला उठला.

७

घरी सामान बांधायला काढलं होतं. खोकी, चादरींची गाठोडी, भांड्यांचं पोतं. सकाळी निघायचं होतं. आई शेजारणींचा निरोप घ्यायला खाली गेली होती आणि वहिनी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून डबे वर्तमानपत्रात गुंडाळत होती.

"भाऊजी, दुपारी तुम्ही घरी येता का हो?" तिनं मान वर न करता विचारलं.

"दुपारी मी पिंपळगावात असतो."

"हो ना." ती गुंडाळत राहिली. "मला वाटायचं, तुम्हीच असाल. मी आत पडलेली असते. हॉलमध्ये कोणीतरी मगानं पाणी ओततं. घाईनं नाही. धार अशी बारीक, मोजून. मग झाकण सरकवल्याचा आवाज. मग बराच वेळ पाण्यात हात चालवल्यासारखं. धुणं खळबळताना होतं ना, तसं."

सोमा दारात उभा होता, तिथंच खाली बसला.

"बघितलं का तुम्ही?"

"मी उठत नाही." तिचा आवाज अगदी साधा होता. "पहिल्यांदा बरं वाटलं मला. खोटं कशाला बोलू. म्हटलं, आहेत घरात. पण आता रोज ऐकते. काम संपतच नाही त्यांचं. हात थांबतच नाही." तिनं डबा बाजूला ठेवला आणि पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही शब्द दिलात भाऊजी, की टाकीतलं काही मरू देणार नाही. द्यायला काय जातं? तुम्हाला ते येतं का पण? तुम्हाला येत नाही म्हटल्यावर ते कोणी करायचं?"

"वहिनी, मी..."

"जिवंत होते तेव्हा रात्रपाळी, दिवसपाळी. घरी आले की ही टाकी. आता तरी बसू द्या की त्यांना." तिनं पुढचा डबा ओढला. "तुमचा शब्द आहे, तुम्हीच मोडायचा. मी सांगून ते ऐकायचे नाहीत. माझं कधी ऐकलंय? निघायच्या आधी सगळी बटणं बंद करा, आणि समोर बसून सांगा त्यांना. मरू दे म्हणावं. एवढंच म्हणा. माझ्यासाठी."

"म्हणतो," सोमा म्हणाला.

"आईची शपथ?"

"आईची शपथ."

८

सामान टेम्पोत चढलं. आई पुढच्या सीटवर बसून आमचा ड्रायव्हर कुठं उलथला म्हणून सोमाच्या नावानं ओरडत होती. वहिनीनं सोमाला नुसती मान हलवून खूण केली आणि तो पुन्हा जिना चढला.

रिकाम्या हॉलमध्ये टाकीचा आवाज मोठा वाटत होता. पंपांची गुणगुण, चिलरची घरघर. त्यानं पडदा ओढला. मग एकेक बटण बंद केलं. आधी दिवा, मग चिलर, मग पंप. शेवटच्या बटणासरशी अशी शांतता झाली, की गल्लीतल्या भंगारवाल्याची हाळी कोणी कानाशी येऊन द्यावी तशी ऐकू आली.

पाणी हलायचं थांबलं. मासे होते तिथं थांबले. सोमा गुडघ्यांवर बसला.

पाणी स्थिर झालं आणि काचेतून खालून वर पाहिलं, की पाण्याचा वरचा थर आरशासारखा दिसतो. त्यात दगड उलटे दिसतात, मासे उलटे दिसतात. पाण्याच्या वर काय आहे ते मात्र दिसत नाही. सोमा त्या आरशाकडे बघत म्हणायचे शब्द जुळवू लागला. दादा, मी खोटं बोललो. मला नाय जमत. मरू दे त्यांना.

तेवढ्यात ट्रिगर हलला. त्याच्यात फोडायचं बळ उरलं नव्हतं, तरी तो कोळंबीपर्यंत गेला आणि तिनं स्वतःला त्याच्या तोंडात दिलं. तुकडे सावकाश वाळूवर पडले.

आणि वरचा आरसा एका जागी फुटला. आवाज न करता. बोटं आत आली.

आधी चार, मग अंगठा, मग मनगट. सोमाची नजर आपोआप वर गेली. टाकीचं झाकण बंद होतं. झाकणाच्या काचेवर कालची धूळ होती. पाण्याच्या वर काहीच नव्हतं. पाण्याच्या आत मनगटापर्यंत हात होता.

हात वाळूपर्यंत पोचला आणि तुकडे गोळा करायला लागला. तांदूळ निवडावेत तसा, एकेक. पाय पायाशी, साल पाठीशी. फार वेळ पाण्यात राहिलेल्या हाताचं होतं तसं त्याचं कातडं पांढरं पडून सुरकुतलं होतं, बोटांच्या टोकांना तर सुटून आलं होतं. अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं होतं. लहानपणी सोमानंच दार लावून घेतलं होतं त्या अंगठ्यावर, आणि मार मात्र दत्तूनं खाल्ला होता.

हात थकलेला होता. तुकडा उचलताना तो कापायचा. एक पाय दोनदा निसटला. तेव्हा हात क्षणभर वाळूवर टेकला, उताणा, दम खाणाऱ्या माणसासारखा. मग पुन्हा उठला.

कोळंबी उभी राहिली. अर्धी मिशी हलायला लागली. हात वर जायला निघाला, आणि जाता जाता सोमाच्या तोंडासमोर काचेशी आला. थांबला. काही मागत नव्हता. काही सांगत नव्हता. नुसता होता.

शब्द सोमाच्या जिभेवर होते. एवढंच म्हणायचं होतं. त्यानं तोंड उघडलंही. उघडल्यावर त्याला दिसलं, की म्हटलं की हा हात जाईल. पिंड ठेवला तेव्हा दादा गेला होता तसा नाही. जाईल तो जाईलच. मग टाकी रिकामी, हॉल रिकामा, आणि "सोम्या" म्हणणारं जगात कोणी नाही.

त्यानं तळवा काचेवर टेकवला. काच गार होती. पलीकडच्या बोटांनी त्याच जागी टेकायला वेळ लावला, पण टेकली.

"दादा," तो म्हणाला, "थोडं अजून."

मग उठून त्यानं बटणं चालू केली. आधी पंप, मग चिलर, शेवटी दिवा.

खाली वहिनी टेम्पोच्या दाराशी उभी होती. "झालं?"

"झालं."

"म्हणालात?"

"म्हणालो."

तिनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि मग दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. कितीतरी दिवस दाबून ठेवलेलं रडू सुटलं. आईनं तिला जवळ ओढलं. सोमानं गाडी सुरू केली. सिन्नरपर्यंत ती रडत होती, पण ते सुटल्याचं रडणं होतं, आणि ते ऐकताना त्यानं एकदाही मान वळवली नाही.

९

परत येताना त्यानं टेम्पो थेट शालिमारच्या गल्लीत घातला. बंटी शटर अर्धं ओढून चहा पीत होता.

"ईल हाय का, बंटीभाऊ?"

"ये ये. गेले का गावाकडं सगळे?" बंटीनं बशी खाली ठेवली. "ईल कशाला? ट्रिगर मेला का?"

"नाय. पण खात नाय आता. दम नाय राहिला त्याच्यात."

"आणि कोळंबी?"

"हाय."

"हाय?" बंटी त्याच्याकडे बघत राहिला. "हे बघ सोमा, ईल म्हणजे तोंडात कट्यार घेऊन झोपणारं जनावर. जोकर जातील, निळा जाईल, ट्रिगर तर आधीच अर्धमेला हे. एक जिवंत राहणार नाही. तुझा दादा काय सांगायचा? आधी कोण कोणाला..."

"मला माहितेय कोण कोणाला खाईल. सगळ्यात जास्त खाणारा दे."

"अरे, पण कशाला?"

मागच्या टाक्यांकडे जाऊन सोमानं स्वतःच जाळी उचलली. बंटीनं अडवलं नाही. त्याच्या हातातून जाळी घेतली आणि हळूच, आजाऱ्याचं करावं तसं, तो सापासारखा लांब ईल पकडून दुहेरी पिशवीत बांधला.

"चहा तरी घे," तो म्हणाला.

"नको. घरी वाट बघतंय."

"कोण?"

सोमा निघालासुद्धा होता. केबिनमध्ये त्यानं पिशवी मांडीवर घेतली आणि एका हातानं स्टेअरिंग धरलं. पिशवीतलं जनावर त्याच्या पोटाशी वेटोळं सोडत होतं, पुन्हा घालत होतं. द्वारका चौकात गाड्यांची लांब रांग लागली होती. पुढचा रिक्षावाला उतरून निवांत तंबाखू मळत होता. सोमानं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही.

"काय घाई हे रे एवढी?" रिक्षावाला ओरडला.

सोमाला ते ऐकू आलं नाही. जोडायला तुकडे उरले नाहीत आणि दादाचा हात रिकामा राहिला तर दादा निघून जाईल, एवढंच त्याला कळत होतं. सिग्नल सुटायच्या आधीच त्यानं गाडी काढली.